जेपीईजी, पीएनजी की टिफ? आधी चित्रात काय आहे ते बघा

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: संस्थेची वेबसाइट आणि छापील माहितीपत्रक, दोन्हींसाठी तोच लोगो आणि तेच फोटो वापरायचे आहेत. डिझायनरने सगळं पीएनजीमध्ये दिलंय. वेबसाइटवाला वेबपी मागतोय, प्रेसवाला म्हणतो टिफ नाहीतर पीडीएफ द्या आणि ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) हवं. सगळीकडे चालेल असा एकच फॉरमॅट नाही का? आणि आहेत त्याच पीएनजी टिफमध्ये कन्व्हर्ट करून दिल्या तर भागेल का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं. कन्व्हर्ट केलेली टिफ उघडेल, प्रेसवाला काही बोलणारही नाही, पण छापून येईल ते पीएनजीत होतं तेवढंच. फॉरमॅट बदलल्याने तपशील वाढत नाही. आणि ती पीएनजी मुळात कुणाच्या तरी मोबाइलवरून आलेल्या जेपीईजीपासून बनवलेली असेल, तर जेपीईजीचे सगळे डाग टिफमध्ये अगदी इमानेइतबारे जपले जातील. फाइल मात्र कितीतरी जड होईल, आणि जड फाइल बघून माणसाला उगाच वाटतं की दर्जा सुधारला.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, असा एक फॉरमॅट नाही. लागतही नाही. मी वीसेक वर्षं प्रीप्रेस (छपाईआधी फाइल तयार करणं) आणि वेब अशा दोन्ही बाजूंचं काम करतोय. माझी सवय अशी की फाइल कुठे जाणार हे नंतर विचारायचं, चित्र कशाचं आहे हे आधी. कॅमेऱ्याने टिपलेला फोटो आहे, का सपाट रंग आणि अक्षरं असलेलं काही (स्क्रीनशॉट, तक्ता, आलेख), का रेषा आणि आकारांनी काढलेलं रेखाटन, म्हणजे लोगो किंवा आयकॉन? एवढं ठरलं की चुकीचे पर्याय आपोआप गळतात.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून एक करून बघा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात एक शब्द टाइप करा, त्याचा स्क्रीनशॉट घ्या, तो जेपीईजीमध्ये ६० च्या आसपास क्वालिटी ठेवून सेव्ह करा आणि ४०० टक्के झूम करा. अक्षराच्या कडेने पांढऱ्यावर मळकट ठिपके दिसतील, आणि लाल रंग काठाबाहेर सांडल्यासारखा वाटेल. वेलांटीचा बारीक शेंडा तर फिकट गुलाबी होऊन गेलेला असेल. आता हाच प्रयोग एखाद्या झाडाच्या फोटोवर करा. तेवढ्याच क्वालिटीला फोटोत सहसा काहीच खटकत नाही.

असं का होतं? जेपीईजी हे १९९२ सालचं मानक. ते चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातले चढउतार लहानमोठ्या लहरींची बेरीज म्हणून लिहून ठेवतं. मग ज्या बारीक लहरी डोळ्याला फारशा जाणवत नाहीत त्या ढोबळ करतं किंवा सरळ टाकून देतं. फोटोत गालावरची सावली, आकाश, भिंत असं सगळं हळूहळू बदलतं, त्यामुळे मोठ्या लहरींवर भागतं. अक्षराची कड मात्र एका पिक्सेलमध्ये पांढऱ्यावरून लाल होते. ती उडी लिहायला बारीक लहरी लागतातच. त्या टाकल्या की कडेशी तरंग उठतात, तेच ते मळकट ठिपके. शिवाय जेपीईजी उजळपणा आणि रंग वेगवेगळे ठेवतं, आणि बहुतेक वेळा रंगाची माहिती दोन्ही दिशांनी निम्मीच साठवतं. म्हणून लाल अक्षराचा रंग सांडतो. काळ्या अक्षराभोवती ठिपके येतात, पण रंग सांडत नाही, कारण सांडायला रंगच नसतो.

पीएनजीचं बरोबर उलटं. ते काहीच टाकत नाही. शेजारच्या पिक्सेलवरून पुढच्याचा अंदाज बांधतं आणि पुन:पुन्हा येणारं एकदाच लिहितं. सपाट निळ्या पट्ट्यात दहा हजार पिक्सेल सारखेच असतील तर ते काही बाइटमध्ये उरकतात. फोटोत दोन शेजारी पिक्सेल सहसा तंतोतंत सारखे नसतात, सेन्सरची बारीक कुरकुर असतेच. ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो कच्च्या स्वरूपात ३६ एमबी भरतो. चांगल्या क्वालिटीच्या जेपीईजीत तो ४-५ एमबीवर येतो, पीएनजीत मात्र बहुतेकदा २० च्या आसपासच राहतो. तुमच्या डिझायनरने फोटोसुद्धा पीएनजीत दिले असतील तर वेबसाइट का रखडते ते वेगळं शोधायला नको.

जिफबद्दल फार बोलण्यासारखं उरलेलं नाही. १९८७ सालचा फॉरमॅट, एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग. त्याच्या कॉम्प्रेशनवर (फाइल लहान करण्याच्या पद्धतीवर) पेटंट आहे आणि त्याचे पैसे मागितले जाणार हे १९९४ च्या अखेरीस जाहीर झालं, त्या रागातून पीएनजी जन्माला आलं आणि १९९६ मध्ये मानक झालं. हलत्या चित्रासाठी आजही लोक जिफ वापरतात, पण वेबसाइटवर तेच छोट्या मूक व्हिडिओत दिलं तर कितीतरी हलकं होतं.

आता लोगो. लोगोसाठी मुळात पिक्सेल नकोतच. व्हेक्टर फाइलमध्ये ‘या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत अशी वक्ररेषा, आत हा रंग’ एवढंच लिहिलेलं असतं. व्हिजिटिंग कार्डावर आणि इमारतीवरच्या बॅनरवर तीच फाइल चालते. वेबसाठी एसव्हीजी, प्रेससाठी पीडीएफ किंवा इलस्ट्रेटर या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरची एआय. जुन्या प्रेसमध्ये अजून ईपीएस हा जुना व्हेक्टर फॉरमॅट मागतात. द्यायला हरकत नाही, फक्त त्यात खरी पारदर्शकता टिकत नाही, म्हणून मऊ सावली किंवा विरत जाणारी कड असेल तर छापायच्या आधी एकदा उघडून बघा.

इथे एक फसवणूक सर्रास होते, बहुतेक वेळा नकळत. ‘लोगो एसव्हीजीत द्या’ म्हटलं की कुणीतरी पीएनजी उचलून सॉफ्टवेअरमध्ये टाकतं आणि एसव्हीजी म्हणून एक्स्पोर्ट करतं. नाव एसव्हीजी, आत तेच पिक्सेल. ओळखायला सोपं आहे. एसव्हीजी ही साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडा. ‘पाथ’ नावाचे टॅग आणि त्यांच्यात आकडे दिसले तर खरं रेखाटन. ‘इमेज’ टॅग आणि त्यापुढे पानंच्या पानं अगम्य अक्षरांची माळ दिसली, तर पिक्सेलचं चित्र नुसतं एसव्हीजीच्या पिशवीत घातलंय. आणखी एक: लोगोतली अक्षरं फॉन्ट म्हणून तशीच राहिली असतील तर ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे लोगो भलताच दिसेल. ‘टेक्स्ट कर्व्ह करून द्या’, म्हणजे अक्षरांचेही आकार करून द्या, असं प्रेसवाले सांगतात ते याचसाठी. पण कर्व्ह केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा, नाहीतर उद्या एक अक्षर बदलायचं झालं तरी सगळं नव्याने करावं लागेल.

वेबसाइटवाल्याची मागणी बरोबर आहे, पण तो जे सांगत नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. फॉरमॅटच्या आधी माप. पानावर ८०० पिक्सेल रुंदीच्या जागेत दिसणारा फोटो ४००० पिक्सेलचा अपलोड केला, तर गरजेच्या २५ पट पिक्सेल पाठवतोय आपण. दाट स्क्रीनचे मोबाइल धरून दुप्पट म्हणजे १६०० पिक्सेल दिले की पुष्कळ झालं. नुसतं माप योग्य केल्याने जी बचत होते, तिच्यापुढे जेपीईजी की वेबपी हा वाद फार किरकोळ आहे. मी एखादी रखडणारी साइट हातात घेतो तेव्हा पहिला तास फक्त हेच करतो.

त्यानंतर फॉरमॅट. वेबपी २०१० साली गूगलने आणलं. सफारीने ते २०२० मध्ये स्वीकारलं, त्यामुळे आज डोळे झाकून द्यायला हरकत नाही. त्यात दोन प्रकार आहेत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एक जेपीईजीसारखं टाकून देणारं, दुसरं पीएनजीसारखं काहीही न टाकणारं. फोटोला पहिलं, स्क्रीनशॉटला आणि आलेखाला दुसरं. पहिल्या प्रकारात रंगाची माहिती नेहमीच निम्मी ठेवली जाते, मग क्वालिटी कितीही चढवा. म्हणजे लाल अक्षरांचा तो सांडलेला रंग इथेही भेटतो. वेबपीत दोन्ही बाजूंना १६३८३ पिक्सेलची मर्यादा आहे. लांबच लांब इन्फोग्राफिक सेव्ह होत नसेल तर कारण हे असू शकतं.

एव्हीआयएफ आणखी पुढचं, २०१९ सालचं. व्हिडिओ कॉम्प्रेशनच्या तंत्रातूनच ते आलंय. कमी बाइटमध्ये ते भलतंच छान वागतं. विशेषतः संध्याकाळच्या आकाशासारख्या हळूहळू बदलणाऱ्या रंगात, जिथे जेपीईजीच्या पट्ट्या दिसतात, तिथे ते गुळगुळीत राहतं. पण हाच त्याचा दोषही आहे. फार दाबलं तर त्वचेचा पोत, कापडाची वीण, दगडाचा खरखरीतपणा सगळं पुसून मेणासारखं करतं. फाइल बनवायला वेळही जास्त लागतो. क्रोमने २०२० मध्ये, फायरफॉक्सने २०२१ मध्ये, सफारीने २०२२ मध्ये आणि एजने २०२४ च्या सुरुवातीला त्याला आधार दिला. त्यामुळे वेबपानाच्या कोडमध्ये पिक्चर टॅग वापरून आधी एव्हीआयएफ, ते जमलं नाही तर वेबपी, तेही नाही तर जेपीईजी अशी उतरंड लावता येते. छोट्या साइटला तिन्ही सांभाळण्याचा व्याप झेपत नाही. तुमच्यासारख्या साइटला मी फोटो वेबपीत, लोगो एसव्हीजीत इतकंच सांगेन आणि गप्प बसेन. जेपीईजी एक्सएल हे तांत्रिकदृष्ट्या मला सगळ्यात आवडलेलं. जुनी जेपीईजी एक बाइटही न गमावता त्यात आटोपशीर बसते आणि हवी तेव्हा जशीच्या तशी परत काढता येते. पण क्रोमने त्याचा प्रायोगिक आधार २०२३ मध्ये काढून टाकला, सफारीने नेमका त्याच वर्षी दिला, आणि अशा ओढाताणीत आपण आपली साइट अडकवू नये.

क्वालिटीचा आकडा किती ठेवायचा हे सगळे विचारतात. जेपीईजीला ७५ ते ८५. पण हा आकडा म्हणजे टक्केवारी नव्हे, आणि एका सॉफ्टवेअरचे ८० म्हणजे दुसऱ्याचे ८० नव्हेत. फोटोशॉपमध्येच एका ठिकाणी ० ते १२ असतं, दुसऱ्या ठिकाणी ० ते १००. गूगलचं स्क्वूश हे चित्र दाबायचं साधन ब्राउझरमध्ये उघडा, मध्ये सरकपट्टी असते, डावीकडे मूळ आणि उजवीकडे दाबलेलं. डोळ्यांनी ठरवा. १०० वर कधीच ठेवू नका. ९० च्या पुढे फाइल भराभर फुगते आणि डोळ्याला काही मिळत नाही. ईमेलच्या न्यूजलेटरमध्ये मात्र यातलं नवं काही वापरू नका. तिथे अजून जेपीईजी, पीएनजी, जिफ एवढ्यावरच भरवसा.

आता प्रेस. ‘३०० डीपीआय करून पाठवा’ या वाक्याने जितका गोंधळ घातलाय तितका दुसऱ्या कशानेच नसेल. लोक फोटोशॉपमध्ये जातात, ७२ च्या जागी ३०० लिहितात आणि पाठवतात. फाइलमधला हा आकडा म्हणजे नुसती चिठ्ठी. पिक्सेल होते तेवढेच राहतात, किंवा रीसॅम्पलची खूण चालू असेल तर सॉफ्टवेअर मधले पिक्सेल मनाने भरतं. हिशेब असा करा: छापायची रुंदी इंचात गुणिले ३००. तुमचा वेबसाइटवरचा १२०० पिक्सेलचा फोटो ४ इंचांवर नीट छापेल, ८ इंचांवर मऊ पडेल. पूर्ण ए४ पानभर फोटो हवा तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल, आणि चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची कड) धरलं तर २५५१ बाय ३५७९. हा ३०० आला कुठून? ऑफसेट छपाईत फोटो इंचाला साधारण १५० ओळींच्या ठिपक्यांत फोडतात, आणि प्रत्येक ओळीमागे दोन पिक्सेल असावेत असा जुना ठोकताळा. दीडपटही चालतो, म्हणजे २२५ पिक्सेल मिळत असतील तर घाबरायचं कारण नाही. लांबून बघायच्या मोठ्या बॅनरला १०० सुद्धा पुरतात.

फोटोसाठी टिफच हवी का? माझं मत ऐकून काही जुने सहकारी नाराज होतील, पण नाही. मूळ कॅमेऱ्यातून आलेली, एकदाच चढ्या क्वालिटीला सेव्ह केलेली जेपीईजी आणि तिचीच टिफ शेजारी शेजारी छापून दिली तर ठिपक्यांच्या जाळीत फरक ओळखणं जवळपास अशक्य आहे. टिफची खरी गरज काम चालू असताना. रंग सुधारायचे, डाग काढायचे, पुन्हा उघडायचं, पुन्हा सेव्ह करायचं, अशा वेळी जेपीईजी दर सेव्हला थोडी झिजते, टिफ झिजत नाही. वर १६ बिटमध्ये (रंगाच्या कितीतरी जास्त पायऱ्यांत) ठेवता येते, म्हणजे अंधारा भाग उजळताना पट्ट्या पडत नाहीत. जेपीईजी ८ बिटचीच.

टिफ जिथे खरोखर अजोड आहे ती जागा मात्र सगळे विसरतात: सही, शाईचं रेखाचित्र, जुन्या हस्तलिखिताचं पान. यांना राखाडी छटा नकोतच, शाई आहे किंवा नाही इतकंच. असं पान १ बिट टिफमध्ये १२०० डीपीआयला स्कॅन करा. ए४ पान कच्चं साडेसतरा एमबीच्या आसपास भरतं, आणि फॅक्सच्या जमान्यातलं सीसीआयटीटी ग्रुप ४ कॉम्प्रेशन लावलं की बहुतेकदा काहीशे केबीत येतं, एकही ठिपका न गमावता. छापल्यावर रेघ अशी धारदार येते की बस. तीच सही मोबाइलने फोटो काढून जेपीईजीत लावली तर तिच्याभोवती करडं धुकं छापून येतं, आणि माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर हे धुकं मी अजूनही बघतो.

अक्षरं चित्रात कधी बुजवू नका, हे मी स्वतः चुकून शिकलो. सुरुवातीच्या काळात एक पत्रक घाईत पूर्ण पान जेपीईजी करून प्रेसला दिलं होतं. स्क्रीनवर झकास. छापून आलं तेव्हा खालच्या बारीक ओळी वाचताना डोळे चोळावेसे वाटत होते. भिंग लावून बघितलं तर प्रत्येक काळ्या अक्षराच्या एका कडेला गुलाबी आणि दुसऱ्या कडेला निळसर छटा. आरजीबीतला (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्यातला) काळा सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) जाताना चारही शायांचं मिश्रण झाला होता, चार प्लेट (दर शाईची एक) केसभर इकडेतिकडे झाल्या, आणि ६ पॉइंटच्या अक्षराला तो केसभर फरकही फार होतो. वर जेपीईजीची ठिपक्यांची रांगोळी होतीच. अक्षरं लेआउटमध्येच टाइप केलेली, फक्त काळ्या शाईत, पीडीएफमध्ये फॉन्टसकट गेली असती तर एकाच प्लेटवर आली असती आणि हा प्रकार घडलाच नसता. म्हणून प्रेसला पूर्ण पान द्यायचं तर पीडीएफच. शक्य असेल तर छपाईसाठीचा पीडीएफ/एक्स-४ हा प्रकार, आणि प्रेसची यंत्रणा जुनी असेल तर एक्स-१ए, ज्यात पारदर्शकता आधीच सपाट करावी लागते आणि आरजीबी चालत नाही. कोणतं हवं ते त्यांनाच विचारा.

रंगाचं अजून एक. पीएनजीत सीएमवायके नसतंच, वेबपीतही नसतं. तेव्हा तुमच्या पीएनजीतला लखलखीत निळा प्रेसवर जांभळट किंवा मळकट येणार हे धरूनच चाला. शाईला तो निळा जमत नाही, यात फॉरमॅटचा किंवा प्रेसचा दोष नाही. फोटो आरजीबीतच जपून ठेवा, त्यात कलर प्रोफाइल (रंग कसे वाचायचे याची नोंद) असू द्या, आणि सीएमवायके अगदी शेवटी पीडीएफ बनवताना करा, प्रेसने सांगितलेल्या प्रोफाइलने. आधीच सीएमवायके केलेला फोटो परत वेबसाइटवर टाकायला गेलात तर निघून गेलेले चमकदार रंग परत येत नाहीत.

बाकी छोट्या गोष्टी. आयफोनचे फोटो २०१७ पासून एचईआयसीत येतात. प्रेसला देण्याआधी जेपीईजी करा, आणि करा म्हणजे एक्स्पोर्ट करा, फाइलच्या नावामागचं शेपूट बदलून काही होत नाही. फोटो मेसेंजरवरून पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की तो आकसून पुन्हा दाबला जातो. आणि मूळ फाइलला हात लावायचा नाही: ती एका फोल्डरमध्ये, वेबसाठी काढलेल्या प्रती दुसऱ्यात, प्रेसच्या तिसऱ्यात. बिघडली तर प्रत टाकून द्यायची आणि मूळवरून नवी काढायची.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आजच डिझायनरला एक निरोप पाठवा: लोगोची एआय किंवा खरी एसव्हीजी, माहितीपत्रकाची मूळ लेआउट फाइल आणि कॅमेऱ्यातून आलेले फोटो जसेच्या तसे. काम संपून सहा महिने झाले की हार्ड डिस्क साफ होतात. लोगोची मूळ फाइल खरंच हरवली असेल तर ऑटो-ट्रेसच्या (सॉफ्टवेअरकडून आपोआप रेषा काढून घेण्याच्या) नादी लागू नका, त्यातून वर्तुळाचा बटाटा होतो. पीएनजी खाली ठेवून वर हाताने नव्याने रेखाटून घ्या. साध्या लोगोला जाणत्या माणसाला तासदीड तास लागतो.